शिबिरातील चूल कोणाची?

आपल्या वार्षिकांकांतील शिबिरांचे अहवाल काढून पाहा. श्रमदानात किती मीटर रस्ता झाला, झाडांसाठी किती खड्डे खणले, प्रभातफेरीत कोणत्या घोषणा दिल्या, बौद्धिकाला कोण पाहुणे आले, समारोपाला कोणाकोणाचे डोळे पाणावले, हे सारे त्यात सविस्तर असते. मग शेवटच्या परिच्छेदात, आभारांच्या जरा अगोदर, एक वाक्य येते : ‘भोजनाची व्यवस्था चोख होती.’ सात दिवस, दोन्ही वेळा, पन्नास माणसे जेवली, त्याचा हिशेब या चार शब्दांत मिटतो. ती व्यवस्था कोणी चोख केली, पहाटे पाच वाजता कोण उठले, टोपाला लागलेला भात कोणी खरवडला, याची नोंद अहवालात सापडत नाही.

यंदा हे चार शब्दही लिहावे लागणार नाहीत असे दिसते. कारण शिबिरातला स्वयंपाक बंद करून तालुक्याच्या गावाहून टेंपोने तयार जेवण मागवावे आणि सकाळच्या न्याहारीला पाकिटातल्या शेवया द्याव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. ‘वेळ वाचेल’ हे तिचे मुख्य समर्थन. या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो केवळ चवीचा विरोध नाही.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर, हा तिचा सर्वांना ठाऊक असलेला आराखडा. आता गंमत पाहा. दुसऱ्याच्या गावात जाऊन गटार खणले तर ते श्रमदान. पण आपल्याच पन्नास सोबत्यांसाठी दहा किलो पिठाच्या भाकरी थापल्या तर तो ‘वेळेचा अपव्यय’! ज्यांच्या शताब्दीच्या निमित्ताने ही योजना निघाली त्यांच्या आश्रमात स्वयंपाकघर हे कामाचेच ठिकाण होते. मग वाचवलेला वेळ आपण कशात घालवणार? मागच्या शिबिरांचा अनुभव जमेस धरला तर भ्रमणध्वनीला कोठे ‘रेंज’ येते ते शोधण्यात.

पण तत्त्वाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू आणि पोटाचे बोलू. डोंगरावर किंवा श्रमदानावर जाणाऱ्या तरुण माणसाला दिवसाला ३,००० कॅलरी सहज लागतात. ७० ग्रॅमच्या शेवयांच्या पाकिटातून त्याला मिळतात सुमारे ३००, आणि प्रथिने म्हणाल तर ती नावालाच. फरसाण, बिस्किटे, वेफर यांनी तोंड चाळवते, तहान वाढते, आणि अकरा वाजता कुदळ हातात जड होऊ लागते. याउलट माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मुगाची डाळ, मूठभर शेंगदाणे आणि टेबलचमचाभर तेल एवढ्या खिचडीत ७५० च्या आसपास कॅलरी आणि २० ग्रॅमहून अधिक प्रथिने पडतात. शिवाय धान्यात जे लायसिन कमी असते ते डाळीत भरपूर असते, त्यामुळे दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्यांना लायसिन हा शब्द माहीत नव्हता. वरणाशिवाय भात वाढायचा नाही हे मात्र माहीत होते. तेव्हा ‘शाकाहारी जेवणाने अंगात ताकद राहत नाही’ असे म्हणणाऱ्या मित्रांना माझे सांगणे एवढेच, की तुम्हाला आजवर शाकाहारी जेवण मिळालेलेच नाही. मिळाला आहे तो पातळ रस्सा आणि मैद्याचा पाव.

आता शाकाहाराचाच विषय निघाला आहे तर तो सोडून पुढे जाणे बरे नाही. शिबिरातले जेवण शाकाहारीच का? याचे जे उत्तर एरवी दिले जाते ते मला मान्य नाही. ‘शिबिर म्हणजे पवित्र वातावरण, तेथे सात्त्विक अन्नच हवे’, असे म्हटले की आपल्या निम्म्या सोबत्यांच्या घरचे अन्न आपण न बोलता अपवित्र ठरवतो. ज्यांच्या घरी सुकट किंवा मटण शिजते त्यांनी सात दिवस मान खाली घालून जेवावे, अशी अपेक्षा करणारे शिबिर सेवेचे नव्हे. माझे कारण अगदी साधे आहे. डाळी, कडधान्ये, पिठे सात दिवस पोत्यात टिकतात. मांसमासळी बर्फाशिवाय एक दिवसही टिकत नाही. आणि ज्या टोपात मांस नाही त्या टोपातले अन्न प्रत्येकाला चालते. पन्नास माणसांची एकच चूल करायची असेल तर हाच मार्ग उरतो. शाकाहार ही येथे सोय आहे. तिला सोवळे नेसवू नये.

या बाबतीत टॉलस्टॉय फार्मची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळ, हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या जमिनीवर सत्याग्रहींच्या कुटुंबांची वसाहत उभी राहिली. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, सगळेच तेथे होते. एकच स्वयंपाकघर ठेवायचे तर मांसाहार करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तेथेही उभा राहिला. गांधीजींनी लिहून ठेवले आहे, की त्यांनी आधी मांसाहारी सोबत्यांना विचारले; त्यांची इच्छा असती तर तशी सोय करण्याचीही त्यांची तयारी होती. त्या मंडळींनी आपण होऊन शाकाहारी स्वयंपाकाला संमती दिली, आणि मग एक चूल झाली. आपण क्रम उलटा करतो. चूल आधी ठरवतो आणि संमती गृहीत धरतो. शिबिराच्या पहिल्या बैठकीत हा प्रश्न सरळ विचारावा, असे मला वाटते. विचारल्यावर कोणी नाही म्हणणार नाही. पण विचारलेले राहील.

एका चुलीचे मला एवढे अप्रूप का, असेही कोणी विचारील. महाराष्ट्रात उघड्यावर शेकडोंचा शाकाहारी स्वयंपाक करण्याची सर्वांत जुनी शाळा म्हणजे पंढरीची वारी. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरची वाट. रोज नवे गाव, नवा तळ, नवी चूल, आणि तरीही माउलीच्या नावाने रोज हजारो ताटे वाढली जातात. शिबिरवाल्यांनी स्वयंपाक शिकायला खरे तर एखाद्या दिंडीच्या मुदपाकखान्यात चार दिवस उमेदवारी करावी. पण त्याच वारीबद्दल इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात एक खंत नोंदवली आहे. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी त्यांची दिंडी जेवणाच्या वेळी ब्राह्मण आणि मराठा अशी दोहोंत विभागली जाई. अन्न दोन्हीकडे शाकाहारीच होते! म्हणजे केवळ शाकाहारी जेवण केले की भेद मिटतो असे नाही. भेद मिटायचा तर शिजवणारे हात मिसळावे लागतात. टेंपोतून आलेले जेवण कोणाच्याच हातचे नसते. ते सोयीचे वाटते याचे एक कारण हेही आहे की काय, अशी मला कधीकधी शंका येते. ‘कोणी शिजवले?’ हा प्रश्नच त्यात उरत नाही. पण तो प्रश्न उरला पाहिजे आणि त्याचे उत्तर ‘आपण सर्वांनी’ असे देता आले पाहिजे.

‘सर्वांनी’ हा शब्द मी जपून वापरते आहे. शिबिरांत कामाचे तक्ते लागतात त्यांत भोजन समितीखाली बहुधा मुलींची नावे असतात. मुलांकडे पाणी, लाकडे आणि ‘देखरेख’. देखरेख म्हणजे काय हे मला अद्याप उमगलेले नाही; ती चुलीपासून साधारण दहा हात अंतरावर उभी राहून केली जाते एवढे पाहिले आहे. टेंपोच्या सूचनेला काही मुलींचाही पाठिंबा आहे तो याचमुळे, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. घरी जे करून कंटाळा आला तेच करायला सात दिवस शिबिरात का जावे? मात्र त्यावरचा उपाय चूल विझवणे हा नाही. रोज दहा जणांची तुकडी, पाच मुलगे आणि पाच मुली, आणि सात दिवसांत प्रत्येकाची पाळी. चिरणे, शिजवणे, वाढणे, भांडी, सारे त्याच तुकडीकडे. प्राध्यापकांचीही नावे तक्त्यात असावीत. आमचे सर वर्गात शिकवतात तितकीच कसून भांडी घासतील असा मला विश्वास आहे. वारीत आणि लग्नकार्यांत पुरुषच मोठमोठ्या कढया सांभाळतात, तेव्हा ‘आम्हाला जमत नाही’ ही सबब चालणार नाही.

शिकायला तसे फारसे लागत नाही, पण थोडे हिशेबाने चालावे लागते. पन्नास जणांच्या खिचडीला ५ किलो तांदूळ, अडीच किलो मुगाची डाळ, किलोभर शेंगदाणे, ३ किलो बटाटे आणि तेवढेच कांदे धरावेत. पाणी ३० लिटरच्या आसपास; ते आधी दुसऱ्या टोपात उकळून घ्यावे, कारण फोडणीवर परतलेल्या तांदळात गार पाणी ओतले की सगळी उष्णता निघून जाते आणि पुन्हा उकळी येईपर्यंत तळ धरतो. खिचडी बुडाला लागलीच तर उलथण्याने ढवळून तो करपट वास वरपर्यंत पोचवू नये. वरची अलगद दुसऱ्या भांड्यात काढावी. इंधन वाचवायचे असेल तर एक जुनी युक्ती आहे. डाळ-तांदूळ निम्म्याहून अधिक शिजले की टोपावर घट्ट झाकण ठेवून तो खाली उतरवावा आणि घोंगड्यांत गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवावा. आतल्या उष्णतेवर उरलेले शिजते, आणि राखण करायला कोणी लागत नाही.

तुरीच्या डाळीवर मात्र डोंगरात विसंबू नये. प्रेशर कुकरशिवाय ती तासन्‌तास दाद देत नाही. उंचीमुळे पाणी लवकर उकळते आणि डाळ कच्ची राहते, असे गिर्यारोहक मंडळी सांगतात. ते खोटे नाही. दर ३०० मीटरला उकळबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. पण आपला सर्वांत उंच कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. म्हणजे तेथेही पाणी ९४-९५ अंशांना उकळणार. सह्याद्रीत डाळ न शिजण्याचे खापर उंचीवर फोडण्यापेक्षा वाऱ्यावर आणि जुन्या डाळीवर फोडणे अधिक योग्य. चुलीच्या वाऱ्याच्या बाजूला दगडांचा आडोसा केला तर निम्मे काम होते. आणि चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे. आंबट आधी पडले की डाळ हट्टाला पेटते.

कडधान्यांत मला मटकी सर्वांत शहाणी वाटते. निघण्याच्या आदल्या रात्री भिजवावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी आणि पाठीवरच्या पिशवीत टाकावी. आपण चालत असतो आणि ती मोड काढत असते! डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तिला दीड दिवस लागतो. रात्री गाठोडे पांघरुणाखाली घ्यावे. मोड आलेली मटकी अर्ध्या तासात शिजते. कांदा, लसूण, गोडा मसाला, वरून सुक्या खोबऱ्याचे वाटण; ही उसळ आणि भाकरी खाल्लेला माणूस चार वाजेपर्यंत ‘चहाचे काय?’ असे विचारत नाही.

पिठल्याचे सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यावर मी फार लिहीत नाही. २ किलो बेसन पन्नास जणांना पुरते. एवढ्या मोठ्या मापात कोरडे पीठ उकळत्या पाण्यात वैरू नये, गुठळ्या होतातच. गार पाण्यात कालवून मग ओतावे. खरा प्रश्न भाकरीचा. माणशी दोन म्हणजे शंभर भाकरी, १० किलो पीठ. एका तव्यावर तासाला वीसएक भाकरी होतात. तीन तवे मांडले तर पावणेदोन तासांचे काम आहे, आणि टेंपोच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे हे मला मान्य. पण शंभर भाकरी रोज हव्यातच असे नाही. एका वेळी भाकरी, एका वेळी भात. पीठ शिबिराच्या अगदी आदल्या दिवशी दळून आणावे. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि दोष थापणाऱ्याच्या माथी येतो. विरी गेलीच तर कढत पाण्यात पीठ मळावे. पहिल्या दिवशी भाकरीला नकाशाचा आकार येईल. येऊ द्यावा. तिसऱ्या दिवसापर्यंत ती गोल होते, आणि ती गोल करणारा मुलगा समारोपापर्यंत सर्वांना तेच सांगत हिंडतो.

पीठ कोणते, हेही पाहायला हवे. आपण अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांत, शिबिरे नेतो आणि गहू-तांदूळ मात्र शहरातून पोत्यांनी घेऊन जातो. त्या डोंगरांत नागली पिकते, वरई पिकते, खुरासणी पिकते. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दुधाचा टँकर न पोचणाऱ्या गावांनी हाडे कशावर पोसली ते यावरून कळेल. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांच्यावर भित्तिपत्रक करतो, टाळ्या वाजवतो, आणि त्यांच्या शेजारच्या गावात बसून मैद्याच्या शेवया खातो. ही विसंगती कोणाला खटकत कशी नाही? गावातूनच नागलीचे पीठ, हुलगे, वाल, खुरासणीची चटणी रोख पैसे देऊन विकत घ्यावी. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे एकदा करून पाहावेत. थंडीच्या रात्री त्यांच्यापुढे दुसरे काही सुचत नाही. नागलीची भाकरी आपल्याला थापता येणार नाही कदाचित. मग गावातल्या एखाद्या मावशींना शिकवायला बोलवावे आणि त्या वेळेचा मोबदला द्यावा. ‘मावशींनी प्रेमाने करून दिले’ असे अहवालात लिहून फुकट राबवून घेऊ नये.

लाकडांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. शेकोटी आणि चूल यांच्या हौसेपायी आपण जी मोळी जाळतो ती गावातल्या कोणा बाईने डोक्यावरून आणलेली असते, किंवा आणली असती. शिवाय राखीव जंगलात विस्तव पेटवायला १९२७ च्या वन कायद्यानेच मनाई आहे, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा परिसर तर १९८६ पासून अभयारण्य आहे. तेव्हा गडावर, लेण्यांत, देवळाच्या ओवरीत चुली मांडून भिंती काळ्या करण्याचे दिवस संपले असे समजावे. तळ गावात, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात, आणि स्वयंपाक गॅसच्या मोठ्या शेगडीवर. डोंगरावर जाताना सोबत भाकरी, ठेचा, दाण्याची चटणी आणि कांदा बांधून न्यावा. तीन दगडांच्या चुलीचा धूर नसला तर काव्य थोडे कमी होईल, पण शिबिर काव्यासाठी नसते. चुलीवरच करायचे झाले तर एखाददुसऱ्या वेळी, विकत घेतलेल्या गोवऱ्यांवर, आणि टोपाला बाहेरून ओल्या मातीचा लेप देऊन. काजळी त्या लेपासकट धुऊन निघते.

खर्चाचा मुद्दा मी मुद्दामच शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत सोपा आहे. टेंपोच्या जेवणात आचाऱ्याची मजुरी, गाडीभाडे आणि मध्यस्थाचा नफा आपणच भरणार. त्यातून जे वाचेल त्यात दोन्ही वेळच्या ताटात कोशिंबीर, गुळाचा खडा आणि चमचाभर तूप सहज बसते. ज्या सोबत्यांना शिबिराची वर्गणी भरताना दोनदा विचार करावा लागतो त्यांना ही बचत हिशेबापेक्षा मोठी वाटेल.

भोजन समितीची बैठक अजून व्हायची आहे. तीत टेंपोचा ठराव येईल तेव्हा त्याला उपसूचना म्हणून दहा-दहा जणांच्या तुकड्यांचा तक्ता मी मांडणार आहे. अनुमोदनासाठी एका मुलाचे नाव हवे आहे. दरम्यान जिमखान्याच्या खोलीत दोन मोठे पितळी टोप पडून आहेत, त्यांची पाहणी कोणी तरी करावी. एकाची कडी निखळली आहे आणि दोन्हींची कल्हई पार उडाली आहे. तशा टोपांत आमसुलाची आमटी केली तर ती कळकणार. कल्हईवाला हल्ली शोधूनही लवकर सापडत नाही, तेव्हा ही चौकशी दिवाळीच्या सुट्टीआधीच सुरू झालेली बरी.